धारवाडच्या पुढे

"लबाड बोलायचं तर नीट तरी बोल, शाजी," अधिक म्हणाला आणि आरशात बघून भांग पाडत राहिला. "आय शिरेस हाय म्हणं. काय झालंय? छातीत दुखतंय का दम लागलाय? तात्यानं काय शिकवलंय तुला?"

मी आमच्या दोघांच्या दुकानाच्या उंबऱ्यात उभा होतो. सकाळचे आठ वाजले होते आणि मदुरैचं ऊन आत्ताच रस्त्यावर पसरलं होतं. शेजारच्या फोनवर दहा मिनिटांपूर्वी मला बोलावणं आलं होतं. पलीकडे तात्या होते, अधिकचे थोरले भाऊ. त्यांच्या आईला मी काकी म्हणायचो. एवढंच बोलले, "शाजी, काकी गेली रं पहाटं. अधिकला सांगू नगं. गाडी त्योच चालवणार. शिरेस हाय म्हण आन् घिऊन ये. आग त्येची हाय, आम्ही थांबतुय."

आमच्याकडे बापाला थोरला आग देतो आणि आईला धाकटा. अधिक धाकटा होता. आणि आमच्याकडे लांबच्या माणसाला मेल्याची बातमी कधी सांगत नाहीत. 'शिरेस आहे, निघा' एवढंच सांगतात. ज्याला सांगतात तोही बहुधा समजून चुकतो आणि तोंडातून ब्र न काढता गाडीत बसतो. विट्याच्या बाजूची आम्ही माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पसरलेली. जुनं सोनं वितळवायचं, शुद्ध करून सोनाराला द्यायचं. कुणी मदुरैला, कुणी पाटण्याला, कुणी पार गुवाहाटीला. त्यामुळे हे असलं खोटं आमच्यात फार चालतं आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.

मला तेव्हाही गैर वाटलं नव्हतं. पण अधिकचं वेगळं होतं. तीन वर्षांपूर्वी असाच फोन आला होता. तेव्हा तो दीड दिवस रेल्वेत पाण्याचा घोट न घेता, रडत, दारात उभा राहून गावाला गेला. घरी पोचला तर काकी पुरण वाटत बसलेली. त्याला बघायला मुलीकडचे पाहुणे येणार होते. काकी हसून म्हणाली, "असं सांगितल्याबिगर तू येतूस व्हय?" अधिकनं पाणीसुद्धा न पिता त्याच पावली परत वाट धरली. त्यानंतर तो आईशी फोनवर बोलायचा, पण गावाला गेला नव्हता. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्यानं निदान दोन वेळा तरी ओरडावं. आमच्या शहाण्यांनी पहिल्याच खेपेला गोष्ट संपवून टाकली होती.

"मला कायबी ठाव न्हाय," मी म्हणालो. "तात्या म्हणालं, लगीच निघा."

"ह्या वक्ताला कुणाची पोरगी हाय?"

मी त्याची पिशवी उचलली. तो हसला. पण निघाला. मला वाटतं, त्याला आईला गाडी दाखवायची होती. दोन महिन्यांपूर्वी त्यानं जुनी पांढरी व्हॅन घेतली होती आणि रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुसायचा. मी म्हणालो, भाड्यानं एखादा ड्रायव्हर घेऊ, आळीपाळीनं चालवा, न थांबता जाऊ. मला स्वतःला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. तो म्हणाला, माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागणार नाही. मग त्यानं दाढी केली, देवाला गेला, इडली खाल्ली. आम्ही निघालो तेव्हा साडेनऊ झाले होते. अकराशे किलोमीटर जायचं होतं. न थांबता चालवली असती तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पोचलो असतो.

काकी म्हणजे माझी कोण हे सांगितलं पाहिजे. माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून मी अधिकच्याच चुलीपुढं वाढलो. काकी एका ताटात दोघांना वाढायची. आम्ही भांडलो की चूक कुणाची हे न विचारता दोघांच्याही पाठीत एकेक ठेवून द्यायची आणि मग दोघांच्याही डोक्यावर तेल थापायची. ती आता घरात जमिनीवर निजली होती. मी तिच्या पोराच्या शेजारी बसून दिंडिगुलची पाटी वाचत होतो आणि मला रडायची परवानगी नव्हती.

सेलमला जेवायला थांबलो. थांबू नको म्हणालो तर म्हणाला, उपाशी गाडी चालवत नसतो. घरात माती पडून असताना आमच्या भावकीत चूल पेटत नाही. तिकडे म्हातारीकोतारी, लेकीसुना सगळ्या उपाशी बसल्या असणार हे मला माहीत होतं. आणि माझ्यापुढं केळीच्या पानावर भात वाढला होता. न जेवावं तर त्याला कळणार. मी जेवलो. सांबार ओतून घेतलं, ताक मागितलं. तो मिटक्या मारत होता. त्याचं डोकं त्या पानावर आपटावं असं मला वाटलं. तुझी आई मेलीय, गाढवा, आणि तू पापड मागतोयस.

पुढे रस्त्याकडेला आंब्याचे ढीग होते. त्यानं गाडी उभी केली. एकेक आंबा नाकाशी धरून, दाबून, परत ठेवून त्यानं एक करंडी भरून घेतली. पाऊण तास. मी गाडीतून ओरडलो तेव्हा म्हणाला, "आयला हितला आंबा लय आवडतो. मागली तीन वर्सं धाडला न्हाई तिला. रागात हुतो."

मी काच वर केली. तो रागात होता म्हणे.

तुमकूरला पोचेपर्यंत अंधार पडला. तिथं बूथवरून मी तात्यांना फोन लावला. विट्याहून बर्फ आणलाय म्हणाले. सगळे पैपाहुणे आलेत, बहिणी दारात बसून आहेत. मी म्हणालो, येतोय. बाहेर आलो तर अधिक चहा पीत विचारतो, "काय म्हणतंय कंपनीचं हेड आफिस? पावणं आलं का?" चित्रदुर्गाला त्यानं लॉज बघितलं. मी हातापाया पडलो, भांडलो, एकटा एस.टी.नं जातो म्हणालो. "जा की," म्हणाला आणि झोपला. मी नाही गेलो. त्याला सोडून पोचून काय करणार होतो? आग तर त्याची होती. रात्रभर मी खुर्चीत बसून त्याचं घोरणं ऐकलं.

सकाळी तो ताजातवाना उठला. आईपुढं अशी धुळीनं भरलेली गाडी कशी न्यायची म्हणून लॉजवाल्याकडून बादली आणून त्यानं गाडी धुतली. अंगात एवढा राग मावतो हे मला तोवर माहीत नव्हतं. साडेअकराच्या सुमाराला हुबळी आली. अजून तीनशे किलोमीटर होते. पाचच्या आत पोचलो असतो. दिवस मावळायच्या आत आग देता आली असती. हे मी आज इतक्या वर्षांनी हिशेब करून सांगत नाही. तेव्हाच केला होता.

हुबळीत त्यानं पुन्हा गाडी थांबवली, हॉटेलपुढं.

"आता बास," मी म्हणालो. "चल. लाज वाटू दे थोडी."

"तुझ्या पोटात का दुखतंय?"

"काकी आजारी हाय."

"न्हाय आजारी. मला ठाव हाय. आन् असली तरी, शाजी, आय माझी हाय. तुझी न्हवं. चार तुकडं घातलं म्हणून तू एवढा उरावर घिऊ नगंस."

तो हे चिडून बोलला नाही. दात कोरत बोलला. बहुधा थट्टाच करत होता, आम्ही एकमेकांना याहून वाईट बोलायचो. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालपासून मी त्याच्या आईचं मरण छातीशी धरून बसलो होतो. त्याच्या वाटचं दुःख मी करत होतो, त्याच्या वाटची घाई मी करत होतो, आणि हा मला माझ्या ताटातले तुकडे मोजून दाखवत होता.

मी समोरच्या बूथमध्ये गेलो. फोन तात्यांनीच उचलला.

"कुठवर आलाय?" त्यांचा आवाज बसला होता. "शाजी, ऊन लय हाय रं. बर्फ ऱ्हाईना. लोकं म्हणत्यात उरका. मी म्हणतुय धाकट्याला येऊ द्या. पाचला पोचताय का? पाचपतूर धरतो मी सगळ्यास्नी."

काचेतून अधिक दिसत होता. गाडीच्या बॉनेटला टेकून तो डोसा खात होता. चटणी सांडू नये म्हणून पुढे वाकून खात होता.

"न्हाय पोचत," मी म्हणालो. "गाडी बंद पडलीया. सांजपतूर काय निघत न्हाय. थांबू नका. आग तुम्हीच द्या."

मग तात्या म्हणाले, "त्येला कळलं का?"

"न्हाय."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मला बरं वाटलं. हे लपवून काय उपयोग? त्या घटकेला मला अगदी गार वाटलं. तुझी आई काय, दाखवतो तुला तुझी आई. मी पैसे दिले, सुटे घेतले, रस्ता ओलांडून आलो.

अधिकनं माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याला काय दिसलं कुणास ठाऊक. हातातला डोसा त्यानं तसाच कागदासकट टाकला. काही न विचारता गाडीत बसला आणि सुटला.

आणि मग त्यानं गाडी अशी हाणली की मी आजवर कुणाला हाणताना बघितलेली नाही. धारवाड केव्हा गेलं कळलं नाही. ट्रकांच्या मधून, कडेच्या मातीतून, हॉर्नवरचा हात न काढता. पाणी प्यायला थांबला नाही. लघवीला थांबला नाही. मला एक शब्द बोलला नाही. बेळगावपर्यंत माझा राग टिकून होता. आता पळतोय, पळ म्हणालो मनात. बेळगाव मागं पडलं आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही खरंच पाचला पोचणार होतो.

प्रत्येक गावात फोनच्या बूथची पिवळी पाटी होती. मी त्या पाट्या बघत होतो. एका मिनिटाचं काम होतं. गाडी सुरू झाली, थांबा, येतोय, एवढंच सांगायचं. आणि सांगितलं की तात्या विचारणार, एवढ्यात कशी सुरू झाली? आणि फोन लावायला उतरलो की अधिक विचारणार, काय सांगितलंस? राग कधीच ओसरला होता. आता नुसती भीती होती, आणि तिच्यापुढं मला काकीसुद्धा दिसेना.

निपाणीला रेल्वे फाटकासारखी गर्दी झाली होती, बैलगाड्या आणि ट्रक अडकले होते. गाडी बूथच्या अगदी दारात उभी होती. दहा मिनिटं तरी हललो नसू. अधिक पहिल्यांदाच बोलला.

"आजून एक फोन करतूस का घरी?"

त्याचा आवाज लहान झाला होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, पुढच्या ट्रकच्या फाळक्याकडं बघत होता.

"नगं," मी म्हणालो. "कशाला?"

त्यानं मान हलवली. गर्दी सुटली.

कोल्हापूर गेलं, तासगाव गेलं. गावाच्या अलीकडे रस्ता ओढ्याला वळसा घालतो. तिथून मसणवटा दिसतो. पाच वाजायला वीस मिनिटं होती. ऊन अजून चांगलं होतं आणि त्या उन्हात ओढ्याकाठी धूर सरळ वर चालला होता. अधिकनं ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"कुणाचं रं?" तो म्हणाला.

तो दार उघडं टाकून उतरला आणि शेतातून पळत सुटला. मी मागून गेलो. माणसं परत निघाली होती. पुढे तात्या होते, अंगावर ओलं धोतर, डोळे सुजलेले. त्यांनी अधिकला बघितलं आणि जागच्या जागी बसले. अधिक त्यांच्या शेजारून पुढं गेला. चितेपासून दहा पावलांवर, जिथपर्यंत धग सोसते तिथपर्यंत, जाऊन उभा राहिला. ओरडला नाही. मला वाटलं होतं ओरडेल.

तात्यांनीच मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते रडत रडत सांगत होते, "आग तुझी हाय म्हणून कालपासनं थांबलू रं. भावकीनं शिव्या घातल्या, तरी थांबलू. शाजीचा फोन आला, गाडी बंद पडली, सांजपतूर येत न्हाय म्हणून. मग काय करू? तूच सांग, काय करू?"

सगळी भावकी उभी होती. बहिणीचे नवरे, चुलते, माझा बाप. अधिक वळला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं मला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता हा माझा गळा धरणार. मी हात खाली सोडून उभा राहिलो. धरावा असंच मला वाटत होतं.

"व्हय," तो म्हणाला. "बंद पडली हुती."

माणसं हळहळली. कुणीतरी म्हणालं, नशीब. कुणीतरी म्हणालं, जुन्या गाडीचा भरवसा नसतो.

घरात जायच्या आधी आंघोळ करायची म्हणून आम्हा दोघांना मळ्यातल्या विहिरीवर पाठवलं. बाकी सगळे घराकडं गेले. हौदात पाणी होतं. अधिक कपड्यांसकट हौदाच्या कडेला बसला, तांब्या हातात घेतला आणि तसाच बसून राहिला. मी म्हणालो, "अधिक, मी रागानं..."

"कुठं बंद पडली हुती?" तो म्हणाला.

मला कळलं नाही.

"गाडी. लोकं इचारतील. आज इचारतील, दहाव्याला इचारतील, जल्मभर इचारतील. दोघांचं एकच आलं पायजे."

"मला मार," मी म्हणालो. "मला मार तू."

"तुला मारून?" विहिरीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "आय बर्फावर हुती आन् मी लॉजवर घोरत हुतो. गाडी धूत हुतो. त्ये तू कुणाला सांगू नगंस. तुझं मी सांगत न्हाय. बोल आता, कुठं बंद पडली?"

मी विचार केला. हुबळी तो विसरणार नव्हता आणि मीही नाही. त्यामुळे हुबळी नको होती.

"धारवाडच्या पुढं," मी म्हणालो.

"धारवाडच्या पुढं," तो म्हणाला आणि डोक्यावर तांब्या ओतून घेतला.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. दुकान अजून दोघांचं आहे. आम्ही एकमेकांच्या घरी जेवतो, एकमेकांच्या लग्नात नाचलो. त्या दिवसाबद्दल आम्ही एकमेकांशी परत कधी बोललो नाही. लोकांशी मात्र तो बोलतो, आणि दरवेळी एखादी गोष्ट वाढते. आधी नुसती गाडी बंद पडली होती. मग इंजिनाचा पट्टा तुटला होता. मग एक म्हातारा कानडी मिस्त्री आला, त्याला एक डोळा नव्हता. तो इतकं रंगवून सांगतो की मला त्याचा संताप येतो. असा संताप येतो की उठून ओरडावं, खोटं आहे हे सगळं, गाडी कुठं बंद पडली नव्हती, मी केलं हे. त्याला ते माहीत आहे. मला वाटतं, मी उठेपर्यंत तो सांगतच राहणार आहे.

परवा त्याच्या मुलीनं विचारलं, आजीला आग तात्याआजोबांनी कशी दिली, तुम्ही धाकटे ना? त्यानं सगळं सांगितलं. धारवाड, पट्टा, मिस्त्री. शेवटी म्हणाला, "शाजीकाकाला इचार. त्यो हुता माझ्यासंगं."

ती माझ्याकडं बघायला लागली. तोही बघत होता.

"व्हय," मी म्हणालो. "आडीच तास गेलं त्यात."